टीपीएन आणि ट्यूब फीडवरच्या रुग्णाचं ॲसिड-बेस: आयसीयूत नव्यानं आलेल्यांसाठी

रात्री अडीचला फोन येतो. "म्याडम, सात नंबरचा पीएच ७.३० आलाय. टीपीएन बंद करू का?"

मी विचारते, "दिवसभरात स्टोमा किती आला?"

पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं, "दोन लिटर सातशे."

स्टोमा म्हणजे आतडं पोटावर उघडून काढलेली वाट. तिथून किती वाहून गेलं, उत्तर त्या आकड्यातच असतं. तरी दरवर्षी नवीन बॅच आली की पहिल्या महिन्यात हाच फोन येतो, आणि पहिला संशय नेहमी त्या पांढऱ्या पिशवीवर जातो. शिरेतून पोषण (टीपीएन) घेणाऱ्या किंवा नळीतून फीड घेणाऱ्या मोठ्या माणसाचं ॲसिड-बेस, म्हणजे रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन, बिघडलं, तर कारण बहुतेक वेळा पिशवीबाहेर असतं: पोटातून वाहून जाणाऱ्या पाण्यात, वरून चालू असलेल्या सलाइनमध्ये, किडनीत, जंतुसंसर्गात, नाहीतर औषधांच्या कागदावर. पिशवी बंद केली तर आधीच उपाशी असलेला माणूस आणखी उपाशी राहतो आणि मूळ कारण जिथल्या तिथं राहतं.

हे लिहिते आहे ते नवीन रेसिडेंट, आहारतज्ज्ञ आणि आयसीयूतल्या सिस्टरांसाठी. कोल्हापुरात आपल्याकडे येणारा रुग्ण सरळ घरून क्वचितच येतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, घाटाखालचं कोकण, इकडं सीमाभाग, इथून आधी दोन ठिकाणी थांबून मग तो पोहोचतो. तोवर चार-पाच दिवस पोटात अन्न नसतं आणि सात-आठ बाटल्या सलाइन गेलेलं असतं. त्यामुळं पहिल्याच एबीजीत (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी) दोन-तीन गोष्टींचा गुंता असतो. तो सोडवायचा क्रम ठरलेला असला की रात्री घाबरायला होत नाही.

आधी कागद, मग सुई

एबीजी घेण्याआधी आयओ चार्ट उघडा. गेल्या चोवीस तासांत काय गेलं आणि काय आलं, ते स्वतःच्या हातानं एका कोऱ्या कागदावर लिहा. राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेली नळी) किती, स्टोमातून किती, फिस्टुलातून (आतड्याला पडलेली नको ती वाट) किती, शौच किती वेळा आणि कसं, लघवी किती. "ओके" किंवा "मॉडरेट" असं लिहिलेलं चालणार नाही, आकडा पाहिजे. मावशींनी पिशवी रिकामी केली आणि मापलं नाही, असं होऊ शकतं. त्यांच्यावर ओरडू नका. मापाचा जग बेडखाली ठेवा आणि का मापायचं ते एकदा समजावून सांगा. मी हे करून पाहिलंय, त्या मग आपल्यापेक्षा चोख मापतात.

पोटातलं प्रत्येक पाणी वेगळं असतं, हे डोक्यात पक्कं करा. जठरातून येतं ते आम्ल आणि क्लोराइड, म्हणून राइल्स ट्यूबमधून भरपूर येत असेल तर रक्त अल्कलीकडं जातं. स्वादुपिंडाचा रस, पित्त आणि लहान आतड्यातलं पाणी यांत बायकार्बोनेट असतं, म्हणून फिस्टुला, इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) किंवा जुलाब असतील तर रक्त आम्लाकडं जातं. एवढ्यावरच निम्म्या रुग्णांची दिशा एबीजीच्या आधी सांगता येते.

आत काय जातंय तेही लिहा. नॉर्मल सलाइनच्या (एनएस) एका लिटरमध्ये १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आणि १५४ क्लोराइड असतं, रक्तातल्या क्लोराइडपेक्षा कितीतरी जास्त. तीन-चार लिटर एनएस गेलं की नुसत्या त्यानंच क्लोराइड वाढून ॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्त आम्लाकडं जातं. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) क्लोराइड ११० च्या आसपास असतं आणि त्यातल्या लॅक्टेटचं यकृतात बायकार्ब बनतं. ड्रिपच्या बाटल्या मोजताना अँटिबायोटिक ज्या शंभर मिलीत देतो तेही धरा. दिवसाला सहा डोस म्हणजे सहाशे मिली एनएस आपण न लिहिता देत असतो.

सॅम्पल

हेपरिन सिरिंजच्या आतून फिरवून पूर्ण बाहेर काढा. जास्त राहिलं तर सीओटू आणि बायकार्ब दोन्ही खोटे कमी येतात. बुडबुडा राहू देऊ नका. अर्ध्या तासात मशीनवर लावा, उशीर होणार असेल तर बर्फात ठेवा. आणि टीपीएन चालू असलेल्या लाइनमधून इलेक्ट्रोलाइटचं सॅम्पल घेऊ नका. शुगर ७०० आणि पोटॅशियम ८ बघून सगळा वॉर्ड पळतो, आणि ते रक्त नसून निम्मी पिशवीच असते.

कागदावर वाचायचं कसं

पीएच ७.३५ ते ७.४५, सीओटू ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६, हे पाठ असेलच. पुढचं महत्त्वाचं.

आकडे एकमेकांशी जुळतात का ते आधी बघा. सीओटूला बायकार्बनं भागून २४ नं गुणलं की हायड्रोजन आयन मिळतो. पीएच ७.४० म्हणजे ४०, ७.३० म्हणजे ५०. जुळत नसेल तर सॅम्पल पुन्हा.

मग मुख्य बिघाड कुठला, श्वासाचा की मेटाबॉलिक (श्वासाबाहेरचा), आणि शरीरानं सांभाळून घ्यायचा जो प्रयत्न केलाय तो पुरेसा आहे का. मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये अपेक्षित सीओटू म्हणजे बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडं-तिकडं. मेटाबॉलिक अल्कलोसिसमध्ये (रक्त अल्कलीकडं गेलेलं) बायकार्ब २४ च्या वर जितका गेला त्याच्या ०.७ पट सीओटू ४० च्या वर जातो. प्रत्यक्ष आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा असेल तर श्वासाचाही वेगळा बिघाड सोबत आहे.

सुरुवातीच्या काळात मी इथंच चुकले होते, म्हणून जरा थांबून सांगते. आतडं अडकलेला एक वयस्कर रुग्ण होता, राइल्स ट्यूबमधून रोज दीड-दोन लिटर हिरवट पाणी. एबीजीत पीएच ७.५२, सीओटू ५०, बायकार्ब ४०. मला फक्त सीओटू ५० दिसला. आयुष्यभर विडी ओढलेला माणूस, म्हणजे फुफ्फुसाचाच आजार, असं मी ठरवलं आणि बायपॅप (मास्कमधून श्वास देणारं मशीन) लावायला निघाले. सरांनी कागद पुढं ओढून पेन्सिलनं लिहिलं: ४० उणे २४ म्हणजे १६, गुणिले ०.७ म्हणजे ११, अधिक ४० म्हणजे ५१. फुफ्फुस अगदी ठरल्याप्रमाणं काम करत होतं. बिघाड होता तो राइल्स ट्यूबच्या पिशवीत. क्लोराइड ८४, पोटॅशियम २.८. मशीन लावून मी त्याचा सीओटू उतरवला असता तर पीएच आणखी वर चढला असता, आणि त्या पोटॅशियमवर हृदयाचा ताल बिघडायला वेळ लागला नसता. त्याला एनएस आणि पोटॅशियम क्लोराइड दिलं आणि दोन दिवसांत सगळं जागेवर आलं.

तिसरी पायरी ॲनायन गॅप, म्हणजे तपासणीत थेट न मोजलेल्या आम्लांचा अंदाज: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा. साधारण ८ ते १२. पण आपल्या रुग्णांत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) जवळजवळ कधीच चार नसतं, म्हणून चारच्या खाली प्रत्येक एक ग्रॅममागं अडीच मिळवा. सोडियम १३८, क्लोराइड १०८, बायकार्ब १६ असेल तर गॅप १४, बघताना फार वाटत नाही. अल्ब्युमिन १.८ असेल तर तोच गॅप साडेएकोणीस होतो. म्हणजे कुठंतरी लॅक्टेट, कीटोन किंवा किडनीचं आम्ल साठतंय. उपाशी माणसात ही दुरुस्ती केली नाही तर लॅक्टिक ॲसिडोसिस डोळ्यांसमोरून निघून जातो.

गॅप न वाढलेला ॲसिडोसिस

सुरुवातीच्या फोनमधला सात नंबर हाच. पीएच ७.३०, सीओटू २९, बायकार्ब १४, सोडियम १३४, क्लोराइड ११२, अल्ब्युमिन २.४. गॅप ८, दुरुस्त करून १२. स्टोमा दोन लिटर सातशे आणि त्याची भरपाई चालू होती एनएसनं. बायकार्ब वाहून जातंय आणि त्याच्या जागी आपण क्लोराइड ओततोय.

जेवढं जातंय तेवढं आरएल द्या, मिलीला मिली, दर सहा तासांनी हिशोब करून. मॅग्नेशियम बघा. तोंडानं घेत असेल तर साधं पाणी आवरा. नातेवाईक प्रेमानं शहाळं आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी, आणि कमी मिठाचं पाणी पोटात गेलं की स्टोमा आणखी वाहतो. ओआरएस द्या, घोट-घोट. लोपेरामाइड (आतड्याची चाल मंदावणारं औषध) वरिष्ठांना विचारून. लघवी नीट होत नसेल तर आरएलच्या पोटॅशियमची भीती बाळगण्यापेक्षा पोटॅशियम तपासा आणि नेफ्रॉलॉजिस्टशी बोला.

ट्यूब फीडवर जुलाब लागले की सगळे फीड पातळ करतात नाहीतर बंद करतात. त्याआधी औषधांचा कागद बघा. नळीतून जाणारी सिरप, पॅरासिटामॉलपासून पोटॅशियमपर्यंत, बऱ्याचदा सॉर्बिटॉलमध्ये असतात, आणि सॉर्बिटॉल म्हणजे जुलाबाचंच औषध. अँटिबायोटिकनंतरचे जुलाबही आठवा. घरून मिक्सरमध्ये करून आणलेलं फीड असेल तर ते किती वेळ बाहेर होतं हे विचारा, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

आता पिशवी. सुरुवातीच्या काळात अमिनो ॲसिड हायड्रोक्लोराइड क्षारांच्या रूपात असायची, त्यातून खरोखर ॲसिडोसिस व्हायचा. १९७२ मध्ये लहान बाळांमधला तसा अनुभव प्रसिद्ध झाला आणि पुढं उत्पादकांनी ॲसिटेटचे क्षार वापरायला सुरुवात केली. ॲसिटेटचं शरीरात बायकार्ब बनतं, एकास एक. आजच्या पिशवीवर खापर फोडण्याआधी तिचं लेबल वाचा: क्लोराइड किती, ॲसिटेट किती. जिथं फार्मसीत पिशवी तयार होते तिथं क्लोराइड कमी करून ॲसिटेट वाढवता येतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तयार थ्री-चेंबर बॅग असते, तिच्यातलं प्रमाण बदलत नाही. म्हणून दुरुस्ती बाजूच्या ड्रिपमधून करायची. पिशवीत सोडियम बायकार्बोनेट कधीही टोचू नका: कॅल्शियमशी मिळून कार्बोनेटचे कण बनतात आणि ते थेट फुफ्फुसात जातात. लिपिडच्या पांढऱ्या रंगात ते दिसतही नाहीत.

गॅप वाढलेला

लॅक्टेट करा. शॉक आणि सेप्सिस आधी शोधा, तेच बहुतेकदा असतं. मग कीटोन (चरबी जळताना बनणारं आम्ल). मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का विचारा. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या अशा रुग्णात शुगर १८० असतानाही कीटोॲसिडोसिस असू शकतो, आणि लघवीची पट्टी मुख्य कीटोन दाखवत नाही. त्याला इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही लागतं. उलट नुसत्या उपासाच्या कीटोनला अन्नच औषध. मेटफॉर्मिन बघा, किडनी बघा. कुपोषित बाईला आठवडाभर रोज पॅरासिटामॉल चालू असेल आणि गॅपचं दुसरं कारण सापडत नसेल तर ते बंद करा, त्यानंही एक आम्ल साठतं.

यातलं एक कारण मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे: थायमिन, म्हणजे बी-वन. ग्लुकोजपासून बनलेलं पायरुव्हेट पेशीच्या भट्टीत जायला थायमिन लागतं. ते नसेल तर सगळं लॅक्टेटकडं वळतं. थ्री-चेंबर बॅगमध्ये साखर आहे, चरबी आहे, अमिनो ॲसिड आहे, पण व्हिटॅमिन नाही. ते वेगळं लिहावं लागतं, मागवावं लागतं आणि दिलंय का ते बघावं लागतं. १९९७ मध्ये अमेरिकेत मल्टिव्हिटॅमिन इंजेक्शनचा देशभर तुटवडा पडला, तेव्हा टीपीएनवरच्या रुग्णांत याच कारणानं लॅक्टिक ॲसिडोसिस झाला. त्यांना बायकार्ब देऊन फरक पडत नाही, थायमिन दिलं की काही तासांत लॅक्टेट उतरायला लागतं.

म्हणून पाच दिवस उपाशी असलेला, दारूची सवय असलेला किंवा सतत उलट्या होणारा रुग्ण आला की ग्लुकोजचा पहिला थेंब जाण्याआधी थायमिन १०० मिलिग्रॅम शिरेतून, आणि पुढं किमान पाच ते सात दिवस रोज. लॅक्टेट आधीच चढलेलं असेल तर डोस जास्त लागतो, वरिष्ठांना विचारा पण वाट बघत बसू नका. अशा रुग्णाला पहिल्या दिवशी किलोमागं १० ते २० कॅलरीपेक्षा जास्त देऊ नका. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज बघा. फॉस्फरस कोसळला की श्वासाचे स्नायू थकतात आणि सीओटू साठायला लागतो.

गुऱ्हाळाच्या दिवसांतला एक रुग्ण

हे पुस्तकात दोन ओळींत असतं, मला ते सविस्तर सांगावंसं वाटतं. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडून बहुतेक लहान आतडं काढावं लागलेले एक शेतकरी मामा होते. मोठं आतडं शाबूत, रात्री घरी टीपीएन, दिवसा थोडंथोडं खाणं. वर्षभर छान चाललं. जानेवारीत बायको त्यांना धरून घेऊन आली. "म्याडम, ह्यांचं चालणं दारू प्यायल्यागत झालंय बघा. आयुष्यात थेंब घेतला न्हाई ह्यांनी." बोबडं बोलणं, झोकांड्या, तोल नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. बायकार्ब १३, गॅप २४, आणि लॅक्टेट १.६.

लॅक्टेट नॉर्मल म्हणून सगळे किडनी आणि विषबाधेच्या मागं लागले. मी वहिनींना विचारलं, खाण्यात नवीन काय? त्या म्हणाल्या, "शेजारी गुऱ्हाळ सुरू झालंय न्हवं, ताजी काकवी आनतो रोज. वाटीभर खात्यात चपातीसंगं. अंगाला लागंल म्हटलं." लहान आतडं नसल्यानं ती साखर न पचता थेट मोठ्या आतड्यात जात होती, आणि तिथले जंतू तिचं डी-लॅक्टेट बनवत होते. आपलं मशीन एल-लॅक्टेट मोजतं. डी त्याला दिसतच नाही. तोंडानं गोड आणि पिष्टमय सगळं थांबवलं, द्रव आणि बायकार्ब दिलं, थायमिन दिलं, आतड्यातल्या जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः चालत बाथरूमला गेले. वहिनींना वाटलं आपलंच चुकलं. त्यांना मी सांगितलं, चूक आमची, डिस्चार्जच्या कागदावर गूळ, काकवी, उसाचा रस हे शब्द लिहायला आम्ही विसरलो. "साधी साखर टाळा" एवढ्यानं आपल्या भागात काम होत नाही. तेव्हापासून मी ते तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिते.

अल्कलोसिस

वर राइल्स ट्यूबचं सांगितलं. लघवीतलं क्लोराइड २० पेक्षा कमी असेल तर उपाय क्लोराइड: एनएस आणि पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. हाताच्या शिरेतून तासाला १० पेक्षा जास्त नको आणि थेट टोचणं तर कधीच नको. मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. ट्यूबमधून खूप येत असेल तर पॅन्टोप्राझोलनं वाया जाणारं आम्ल कमी होतं. अंगावर सूज आहे आणि पाणी देता येत नाही, अशा वेळी ॲसिटाझोलामाइड (लघवीतून बायकार्ब बाहेर काढणारं औषध), पण पोटॅशियम सुधारल्यावर. फ्युरोसेमाइड, भरपूर रक्त चढवल्यावरचं सायट्रेट आणि पिशवीतलं जास्तीचं ॲसिटेट ही बाकीची कारणं.

व्हेंटिलेटरवरून निघत नसलेला रुग्ण

सीओटू ५५, पीएच ७.२९, फुफ्फुस स्वच्छ. अशा वेळी कॅलरी मोजा. कर्बोदक जळताना चरबीपेक्षा जास्त सीओटू बनतो, आणि गरजेपेक्षा जास्त साखरेची चरबी बनू लागली तर आणखी जास्त. ग्लुकोज मिनिटाला किलोमागं ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. ४५ किलोच्या बाईला पिशवीतून २५० ग्रॅम जातंय, म्हणजे ३.९, ठीक. पण कुणीतरी शुगर कमी आली म्हणून एक लिटर डी-टेन (१० टक्के ग्लुकोज) चालू केलंय आणि तसंच ठेवलंय: आणखी १०० ग्रॅम, एकूण ५.४. प्रोपोफॉलच्या (गुंगीचं औषध) प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी असते, तीही मोजा. बऱ्याचदा पिशवी कमी करावीच लागत नाही, विसरलेली ड्रिप बंद केली तरी पुरतं.

बायकार्ब कधी, पोषण कधी थांबवायचं

पीएच ७.२ च्या खाली गेला, विशेषतः किडनी बिघडलेली असेल, तर बायकार्बचा विचार, तोही वरिष्ठांशी बोलून. आपल्याकडच्या ७.५ टक्क्यांच्या १० मिलीत साधारण ९ मिलिइक्विव्हॅलंट असतं. देण्याआधी दोन गोष्टी बघा. पोटॅशियम, कारण आम्ल उतरलं की ते पेशीत शिरतं आणि ३.० चं २.३ होतं. आणि श्वास, कारण बायकार्बमधून सीओटू बनतो आणि तो बाहेर टाकायची ताकद रुग्णात किंवा व्हेंटिलेटरच्या सेटिंगमध्ये हवी.

शॉक आवरलेला नाही, जीवघेणा ॲसिडोसिस, सीओटू किंवा ऑक्सिजन हाताबाहेर आहे, अशा वेळी फीड सुरू करू नका, चालू असेल तर वरिष्ठांना विचारून थांबवा. ते स्थिरावलं की पुन्हा सुरू. टीपीएन थांबवाल तेव्हा शुगर तासाभरानं बघा. बाकी सगळ्या वेळी पोषण चालू ठेवूनच दुरुस्ती करायची.

आणि रात्री फोन कराल तेव्हा याच क्रमानं सांगा: वजन, किती दिवस उपाशी होता, काय वाहतंय आणि किती, वरून काय चालू आहे, सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड-अल्ब्युमिन, लॅक्टेट, थायमिनचा शेवटचा डोस कधी दिला. पीएच शेवटी सांगितला तरी चालेल.